बर्फाच्या पाण्यातले हात

त्या कॉलेजात एकाच घरातल्या दोन मॅडम होत्या. जीवशास्त्राच्या त्या मोठ्या मॅडम, मानसशास्त्राच्या त्या धाकट्या. नात्यानं नणंद-भावजय. आई गेल्यावर मोठ्या मॅडमनीच धाकट्या भावाला शिकवलं, मार्गाला लावलं आणि त्याच्यासाठी बायकोही आपल्याच कॉलेजातून हेरून आणली. त्यामुळे घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. कॉलेजात तर प्राचार्यही त्यांच्यापुढे खुर्चीच्या कडेला टेकून बसत.

धाकट्या मॅडमकडे नैतिकता समितीचं सचिवपद होतं. माणसांवर काही प्रयोग करायचा तर आधी या समितीची परवानगी लागे. काम कुणालाच नको होतं, म्हणून त्यांच्या गळ्यात पडलेलं. पण एकदा गळ्यात पडल्यावर त्या ते नेटानं करत. नणंदेच्या प्रयोगालाही त्यांनी नीट वाचूनच परवानगी दिली होती. बर्फाच्या पाण्यात हात बुडवला की नाडी आणि रक्तदाब कसा बदलतो, एवढंच पाहायचं होतं. अटी दोनच. चक्कर येणाऱ्या मुलींना घ्यायचं नाही, आणि मुलीला नको वाटलं की तिनं त्या क्षणी हात काढायचा.

त्या दिवशी दुपारी धाकट्या मॅडम वर्गावरून परत येत होत्या, तेवढ्यात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. त्या धावत आत गेल्या. पहिल्या वर्षाची एक मुलगी फरशीवर पडली होती. टेबलाची कड लागून कपाळ फुटलं होतं, आणि ओला हात लालभडक झाला होता. मोठ्या मॅडम तिच्याजवळ वाकून म्हणत होत्या, "अगं ऊठ, काही झालं नाहीये तुला!"

पण धाकट्या मॅडमच्या काळजात चर्र झालं ते मागे पाहून. मागच्या टेबलाशी आणखी तिघी बसल्या होत्या. डोळे भेदरलेले, ओठ पांढरे, आणि तिघींचे हात अजून तसेच बर्फाच्या पाण्यात. मैत्रीण समोर रक्तात पडलेली, तरी एकीचीही हात काढायची छाती झाली नव्हती.

"काढा हात!" धाकट्या मॅडम अशा ओरडल्या की शेजारच्या वर्गातला फळ्यावरचा खडू थांबला.

एकीनं आधी मोठ्या मॅडमकडे पाहिलं. मग हात काढला.

डॉक्टरांनी टाके घातले. पलंगाशी बसलेल्या धाकट्या मॅडमना ती मुलगी हळूच म्हणाली, "मला चक्कर येते हे मी मॅडमना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, फॉर्मवर ते लिहू नकोस, मला मुली कमी पडतायत. आज मी दोनदा विचारलं, हात काढू का? म्हणाल्या, अंतर्गत गुण माझ्याच हातात आहेत हं."

धाकट्या मॅडमच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी दोघींना बोलावलं. "मुलगी उपाशीपोटी आली होती," ते मधाळ आवाजात म्हणाले. "तसं नोंदवू आणि विषय संपवू. घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला?"

"घरातलं?" धाकट्या मॅडम म्हणाल्या. "ती पोर काय आमच्या घरातली आहे? आणि उपाशी होती हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिला विचारलंत?"

मोठ्या मॅडम उसळल्या. "एवढ्या वर्षांचं काम माझं! तू ते सरळ पाण्यात घालतेयस!"

"पाण्यात तुम्ही पोरींचे हात घातलेत, ताई. ते काढायची मुभा होती, ती तुम्ही काढून घेतलीत."

प्राचार्य टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

संध्याकाळी नवरा जेवणाच्या ताटावर नुसता भात चिवडत होता. बहिणीचा फोन येऊन गेला होता. शेवटी म्हणाला, "तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण ताई आहे गं ती. तिनं मला आईची उणीव भासू दिली नाही."

"माहीत आहे मला. म्हणून तर जास्त चीड येते. तुला तापात उशाशी बसून सांभाळणारी बाई ती. त्या पोरींच्या वेळी कुठे गेली होती ती?"

ताट तसंच ठेवून तो उठला, आणि पुढे कित्येक दिवस घरात मीठ-तिखटापुरतंच बोलणं उरलं.

समितीची बैठक झाली तेव्हा धाकट्या मॅडम त्या मुलीला घेऊनच आत गेल्या. प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घातल्या; पण समितीवर बाहेरून घेतलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "बसू दे की. तिचंच कपाळ फुटलंय."

मुलगी अडखळत बोलली, पण सगळं बोलली. मोठ्या मॅडम मध्येच म्हणाल्या, "तू फक्त विचारलंस. थांबवा असं कुठे म्हणालीस?"

मुलीनं मान वर केली. "मॅडम, तुमच्यापुढे याहून जास्त बोलता येतं का कुणाला?"

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला.

प्रयोग बंद झाला, तोवरची सगळी निरीक्षणं बाद झाली, आणि पुढे माणसांवर प्रयोग करायला मोठ्या मॅडमना मनाई झाली. न्याय झाला म्हणायचा. पण महिन्याभरात सूचनाफलकावर प्राचार्यांच्या सहीचा कागद लागला: विद्यार्थ्यांनी प्रयोगाला उपाशीपोटी येऊ नये. सचिवपदही दुसऱ्याकडे गेलं. "तुमच्यावर कामाचा फार ताण," असं गोड कारण मिळालं. वार्षिक समारंभात मोठ्या मॅडमचा शाल देऊन सत्कार झाला. धाकट्या मॅडम मागच्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्यांच्या वेळी त्यांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

समारंभ संपल्यावर त्या सरळ सूचनाफलकाशी गेल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत तो कागद टराटरा फाडला. शिपाई धावत आला. "मॅडम, साहेबांनी विचारलं तर काय सांगू?"

"माझं नाव सांगा," त्या म्हणाल्या. "आणि म्हणावं, दुसरा लावलात तर तोही फाडीन."