तुपातलं काजळ

चिंतामणरावांनी पेटीचं झाकण काढलं आणि आतल्या तांब्याच्या गरम पत्र्यावरून बोट फिरवलं. काळं निघालं, तेही ओशट. त्यांनी बोट नाकाशी नेलं. साजूक तूप!

हवामान कचेरीत आलेलं नवं यंत्र ढगांची उष्णता लांबूनच ओळखायचं. ते फुग्याला बांधून वर सोडायचं होतं. रशियाचा उपग्रह फिरायला लागल्यापासून साहेबांना तर फुगाही थिटा वाटत होता. पण आधी यंत्रासमोर पेटीतला हा पत्रा काळा करून तापवायचा आणि त्याचा आकडा थर्मामीटरशी ताडून बघायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात दुकानं बंद, काळा रंग मिळेना, तेव्हा चिंतामणरावांनी मोठ्या ऐटीत घरून काजळी आणली. घरात तान्ही नात, तिच्या डोळ्यांसाठी काजळ घरीच व्हायचं. त्यांच्या पत्नी कालिंदीबाईंनी नेहमीच्या सवयीनं ती तुपात खलून दिली होती, हे त्यांना आत्ता कळलं. पत्रा तापला की काळं ओघळायचं, तांबं उघडं पडायचं आणि उघडं तांबं उष्णता कमी फेकत असल्यानं आकडा कमी यायचा.

खापर फुटलं कचेरीतल्या तरुण श्यामकांतवर, कारण यंत्राच्या तारा त्यानं जोडल्या होत्या. "लक्ष सगळं मोर्च्यात, हात कसा स्थिर राहील?" असं साहेबांपुढे चिंतामणरावच बोलले होते. अहवालावर सहीही त्यांचीच. श्यामकांतला यंत्रावरून काढून कागदांच्या नकला करायला बसवलं. आज दुसऱ्यानं तारा जोडल्या, तरी आकडा तेवढाच कमी आला, म्हणून चिंतामणरावांनी पेटी उघडून पाहिली होती.

कचेरी सुटल्यावर चिंतामणराव करी रोडला श्यामकांतच्या खोलीवर गेले. तो खिडकीशी बसून तारेच्या तुकड्यांना डाख देत होता.

"या काका. बघा बरं, हा सांधा जमलाय का?"

"हे काय मांडलंयस?"

"हाताला वळण लावतोय. तुम्ही बोललात ते खरंच होतं. कालच्या मोर्च्यालापण नाही गेलो."

चिंतामणराव खाली बसले. माफी मागायला ते आलेच नव्हते. याला काही संशय आलाय का, एवढंच चाचपायला आले होते. आणि हा बापडा स्वतःलाच दोष देत बसला होता. आता गप्प राहिलं की सुटलो, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

"तुझा सांधा चांगलाच होता रे," ते खाली बघत म्हणाले. "काजळीत तूप होतं. माझ्या घरचं."

श्यामकांतनं हातातली तार खाली ठेवली.

"साहेबांना सांगितलंत?"

"नाही."

त्यानं खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला.

"साहेब इथं माटुंग्यालाच राहतात. चला, मी येतो बरोबर."

चिंतामणरावांना उठवेना. तेव्हा श्यामकांत दाराशी गेला आणि वाकून त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या.