काठावरचा गाळ

० मीटर

“रामटेकेजी, उधर मत देखिए, इधर देखिए,” म्हणत श्याम ठेकेदाराने काशीनाथला खांद्याला धरून कुंड्यांकडे वळवले. “मोगरा, चांदनी, सब असली है. एक भी प्लास्टिक नहीं.”

काशीनाथ रामटेके तिकडेच बघत होता. तिकडे जेसीबी काठावरचा गाळ ढकलत होता. महिनाभर उन्हात वाळलेला गाळ ढिगाऱ्यांनी परत नाल्यात कोसळत होता.

“श्याम! ये क्या कर रहे हो? बंद करो!”

“कल इन्स्पेक्शन है साब. ऊपर से बोला है, किनारा साफ चाहिए. पानी के नीचे कौन झाँकने आएगा?”

ड्रायव्हरने काशीनाथकडे पाहिले, मग श्यामकडे. मशीन थांबले नाही.

२२० मीटर

दिल्लीतल्या रिज टेकडीच्या उतारावरून, हिंदूराव इस्पितळाच्या खालच्या अंगाने हा नाला येतो. त्याची लांबी तेराशे चाळीस मीटर. वरून मोजत यायचे, ही अभियंत्यांची पद्धत. कनिष्ठ अभियंता म्हणून काशीनाथ गेली एकवीस वर्षे तो मोजत आला होता. कधीकाळी हा ओढा होता, असे जुन्या नकाशात दिसते. नकाशात पाणी निळे आहे.

गाळ काढायचा पैसा एका खात्यावर येतो, काठावरून उचलून न्यायचा दुसऱ्या. काढलेला गाळ आधी काठावर वाळत घालायचा. ओला गाळ ट्रकमध्ये कोण भरणार? मग उचलण्याच्या मंजुरीची वाट बघायची. मंजुरी बहुधा पावसानंतर येते, तोवर गाळ आपल्या पायांनी घरी परतलेला असतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. यावर कँटीनमध्ये विनोदही होतात.

यंदा काशीनाथने घाई केली. गाळ पूर्ण निघाला, अशी नोंद त्याने मोजमाप-पुस्तकात मे महिन्यातच केली आणि खाली सही ठोकली. अजून चारशे मीटर काढायचे बाकी होते; आठवड्यात काढून झालेही. पण त्या नोंदीशिवाय उचलण्याची फाइल हलत नव्हती. एकवीस वर्षांतली ही त्याची पहिली खोटी तारीख.

फाइल हलली आणि तीनदा परत आली. तिसऱ्यांदा शेरा होता: गाळ ही सरकारी मालमत्ता असताना लिलाव का पुकारला नाही?

नाला पुनरुज्जीवनाचा निधी मात्र आला, जूनच्या सुरुवातीला. पंधरा दिवसांत खर्च करायचा होता. पंधरा दिवसांत रेलिंग होते, कुंड्या होतात, सेल्फी पॉइंट होतो.

४६० मीटर

“मॅडम, निकाली हुई गाद वापस नाले में डाल रहे हैं.”

फोनवर कार्यकारी अभियंता मीनाक्षी मॅडम होत्या.

“रामटेकेजी, नाला साफ है, यह किसने लिखा?”

“मैंने.”

“तो साफ नाले को दोबारा साफ करने का पैसा मैं किस हेड से लाऊँ?”

“मॅडम, परसों से बारिश है. नीचे बस्ती है.”

“यह बात मैंने सुनी नहीं. कल दस बजे. शर्ट ज़रा इस्त्री करके पहनिएगा, फोटो होगी.”

७०० मीटर

नोएडाहून मुलीचा फोन. क्रांतीचा लंच ब्रेक असावा.

“बाबा, आवाज असा का? बीपीची गोळी घेतली?”

त्याने सांगितले.

“गाळ म्हणजे सिल्ट ना? मग फोटो काढा, मला पाठवा. मी टाकते ऑनलाइन. एकदम फाडून टाकतील त्यांना.”

“आणि माझ्या सहीचं पान? तेही टाकशील?”

पलीकडे लिफ्टची घंटा वाजली.

“यार बाबा... सही आधी का केली?”

“फाइल सरकावी म्हणून.”

“मग आता? पेन्शन?”

“तेच तर.”

“अच्छा,” ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, “मग नका काढू फोटो.”

त्याने तो आधीच काढला होता. तो त्याने पुसला.

९८० मीटर

इथे काही घडले नाही. तो उभा राहिला. पाणी काळे आणि जाड झाले होते, वरून ढकललेले खाली येऊ लागले होते. पुढे रस्त्याखालून जाणाऱ्या मोरीत जेमतेम दोन फूट जागा उरली होती. तशी नोंद करायला कुठलाच रकाना नव्हता.

१३४० मीटर

मोरीच्या तोंडाशी, रस्त्यापेक्षा चार पायऱ्या खाली, भीमाबाईची खोली. तिचा नवरा तात्याराव नांदेडकडचा, याच खात्यात बेलदार, म्हणजे खोदकामाचा मजूर होता. काशीनाथच्या हाताखाली छातीभर नाल्यात उतरायचा. पुढे अर्धांगाने पडला. गेल्या वर्षी भीमाबाई धुण्याभांड्याला गेली असताना नाला खोलीत शिरला, आणि तात्यारावाला उठता आले नाही. तेराव्याला काशीनाथ तिला म्हणाला होता, पुढच्या वर्षी गाळ राहणार नाही, माझा शब्द.

“या साहेब. चहा ठिवते.”

“नको, भीमाबाई. सांगायचं होतं, तो गाळ...”

“पाह्यलं म्या. कामावरून येताना वरून मशीन ढकलत हुतं.” तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. “तुमी बी काय करणार? वरड वरड वरडला असाल.”

एकदाच ओरडलो, हे त्याच्याने सांगवेना.

“काही दिवस पोराकडे जा गुरुग्रामला.”

“तितं आठ जणं एका खोलीत. मी कुटं मावू?” तिने दाराआडून विटा ओढल्या. “आलाच हायसा तर जरा हात लावा. माझ्या एकलीनं खाट उचलंना.”

त्याने चपला काढल्या. खाटेचा एक पाय उचलला, तिने वीट सरकवली. दुसरा. तिसरा. चौथा.

“पुरं का? तुमी विंजेनेर. तुमाला समजतंय.”

त्याने भिंतीकडे पाहिले. गेल्या वर्षीची ओल त्याच्या खांद्यापाशी येऊन थांबली होती.

“अजून एक,” तो म्हणाला.

तिने पुन्हा पहिल्या पायापाशी बसकण मारली. तो खाट धरून उभा राहिला.