जोडीला एकच पिस्तूल

मित्रांनो, दचकू नका. मी पिस्तूल आहे हे खरे, पण आजवरच्या आयुष्यात मी कागदाशिवाय कशालाही भोक पाडलेले नाही. मी खेळातले पिस्तूल आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. अंगावरची काळी झिलई जागोजागी विरली आहे. चापावर इतकी बोटे टेकून गेली आहेत की तेवढा भाग आरशासारखा चमकतो.

माझा जन्म एका कारखान्याच्या लांबट खोलीत झाला. तिथे एक बाई माझी नळी खिडकीच्या उजेडासमोर धरून आरपार पाहायची, पुन्हा घासायची, पुन्हा पाहायची. नळीच्या आतल्या भोकाच्या रुंदीला कॅलिबर म्हणतात. माझे कॅलिबर लहान आहे. माझी गोळी तुमच्या पेन्सिलीहूनही बारीक असते. शेवटी एकदा ती बाई समाधानाने मान हलवून मला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून गेली. आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

तिथून मी एका नेमबाजीच्या क्लबात आलो. क्लब कसला, एक लांब पत्र्याची शेड, एका टोकाला टेबले आणि दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध. आम्हा पिस्तुलांचे घर म्हणजे एक पोलादी कपाट, आणि त्याची किल्ली सदैव मावशींच्या कमरेला. मावशी क्लबात शिकवायच्या. त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या, तरी सगळे त्यांना मावशी म्हणत आणि सगळे त्यांना टरकून असत. कपाटात माझ्या शेजारी आणखी एक पिस्तूल होते. त्याची गोळी पेन्सिलीहून जाड. त्याला सगळे थोरले म्हणत, म्हणून माझे नाव आपोआप धाकटे पडले.

नवा शिकणारा आला की मावशी त्याच्या हातात आधी मला देत. माझा आवाज कमी, धक्का कमी. थोरल्याचा बार झाला की मनगट कपाळाच्या दिशेने उसळते. माझा बार झाला तर हात जेमतेम हलतो. असाच एक दिवस कॉलेजात शिकणारी एक मुलगी माझ्यावर हात बसवायला आली, आणि तिच्या मागे शेपटासारखा तिचा धाकटा भाऊ. तिला तो ताई म्हणायचा, ती त्याला छोट्या. पुढे तो दारात वाकून यावे लागेल एवढा वाढला, सुतारकाम करू लागला, दाढी राखली, पण नाव छोट्याच राहिले.

ताई माझ्यावर शिकली आणि मग तिने छोट्याला माझ्यावरच शिकवले. "चाप ओढू नकोस रे, दाबत राहा. बार कधी झाला ते तुलाच कळता कामा नये," असे ती त्याच्या कानाशी म्हणायची. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

पुढे दोघे थोरल्याकडे गेले. मला वाईट वाटले नाही असे सांगितले तर ते खोटे होईल. नवे शिकणारे कमी होत गेले, मी खालच्या फळीवर गेलो, तेल सुकले, आणि नळीच्या तोंडाशी गंजाचा एक ठिपका बसला. वरच्या फळीवरून थोरले काढले जायचे, ठेवले जायचे, आणि मी अंधारात त्या किल्लीचा आवाज ऐकत राहायचो.

मित्रांनो, आता क्लबातली एक रीत सांगितली पाहिजे. वर्षातून एकदा तिथे जोड्यांची स्पर्धा व्हायची. एका जोडीला एकच पिस्तूल. दोघांनी आळीपाळीने त्यानेच नेम धरायचा. म्हणून कोणते कॅलिबर घ्यायचे हे जोडीने मिळून ठरवावे लागे. ताई आणि छोट्या यांची जोडी कधी मोडली नव्हती. ताईची बेकरी, छोट्याचा कारखाना, दोघांची घरे शहराच्या दोन टोकांना. आठवड्यातून एकदा सरावाला भेटायचे तेवढेच त्यांचे भेटणे. बाकी वेळ फोनवर "बोल पटकन, भट्टी तापलीय" एवढेच.

त्या वर्षी ताई बेकरीत ओल्या फरशीवरून घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण पहिल्यासारखे नाही. प्लास्टर निघाल्यावर ती क्लबात आली आणि थोरले घेऊन तिने एक बार काढला. हात खाली ठेवताना तिने ओठ आत दाबून धरले होते.

"छोट्या, तू यंदा आपल्या क्लबातल्या पोस्टमनबरोबर जोडी कर," ती म्हणाली. "तो केव्हाचा मागे लागलाय तुझ्या."

"आणि तू?"

"मी टाळ्या वाजवीन. डाव्या हाताने."

"एका हाताने टाळी वाजत नाही, ताई."

"मग पाव घेऊन येईन सगळ्यांना."

छोट्या मावशींनी उघडलेल्या कपाटाशी गेला. मग खाली वाकून त्याने मला बाहेर काढले. किती दिवसांनी माझ्यावर उजेड पडला म्हणून सांगू. "हे घेऊ," तो म्हणाला. "याचा धक्का तुला सोसेल."

"अरे, याचं भोक केवढंसं. रेघा कशा शिवणार?"

हे तुम्हाला समजावून सांगतो. निशाणाच्या कागदावर एकात एक वर्तुळे असतात. जितके मध्याजवळ, तितके गुण जास्त. गोळीचे भोक आतल्या वर्तुळाच्या रेघेला नुसते शिवले, तरी वरचा गुण मिळतो. जाड गोळीचे भोक मोठे, म्हणून ते रेघेला सहज शिवते. माझे भोक रेघेच्या केसभर बाहेर राहिले, की राहिलेच. थोरल्याला लोक उगाच मानत नसत.

"जातील थोडे गुण," छोट्या उदारपणे म्हणाला. "तुझ्यासाठी एवढं खाली उतरेन की मी."

ताईने मान डोलावली. मला मात्र ते 'खाली उतरेन' लागले.

छोट्याने मनापासून मेहनत घेतली हे मान्य केले पाहिजे. ताईच्या मनगटाला सोसेल अशी नवी मूठ त्याने माझ्यासाठी अक्रोडाच्या लाकडातून घडवली. ती मूठ तिच्या हातात ठेवायचा, कुठे टोचते विचारायचा, कानसीचा एक हात मारायचा, पुन्हा ठेवायचा. मूठ तिच्या तळव्यात साच्यातून काढल्यासारखी बसली. त्याच्या पंजाला मात्र ती लहान पडली, करंगळी बाहेरच लोंबायची.

"करंगळीला सुट्टी दिलीस वाटतं," मावशी म्हणाल्या.

"काय करणार मावशी, ताईसाठी करावं लागतं."

असे तो दर सरावाला म्हणू लागला. पोस्टमनने विचारले तरी "ताईसाठी". गुण कमी पडले तरी "जाऊ दे, ताईसाठी". बोलायचा प्रेमाने, पण पाणी एकाच जागी ठिबकत राहिले तर दगडावरही खूण उठते. एक दिवस ताईने मला टेबलावर ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाली, "मावशी, आमचं नाव काढून टाका."

छोट्या गोंधळला. "आता काय झालं?"

"तू खाली उतरलायस ना? मग जा वर. मला उपकाराचं पिस्तूल नको. तुझ्याबरोबर खेळायचं होतं मला, तुझ्या अंगावर ओझं होऊन नाही."

मी टेबलावर पडून होतो आणि मनात म्हणत होतो, आता पुन्हा खालची फळी.

मावशींनी ताईला अडवले नाही. त्यांनी कपाटातून थोरले काढले आणि छोट्याला म्हणाल्या, "जायच्या आधी माझ्यासाठी पाच बार काढ. काडतुसं मी भरते. तू बघायचं नाहीस."

त्यांनी पाठ फिरवून काडतुसे भरली. त्यांत काही खरी होती आणि काही खोटी, म्हणजे दारू नसलेली. कोणते कधी येणार हे छोट्याला ठाऊक नव्हते. पहिले खरे होते, धाडकन उडाले. दुसरे खोटे निघाले. नुसता 'टक' असा आवाज झाला, बार झालाच नाही, तरी थोरल्याचे तोंड सपकन खाली गेले आणि छोट्याचे डोळे गच्च मिटले.

"हे काय?" मावशी म्हणाल्या.

"घसरला हात."

पुढचे खोटे आले तेव्हाही तसेच झाले. धक्का येणार या भीतीने तो आधीच दचकत होता. एवढा दांडगा माणूस, आणि चाप दाबायच्या क्षणी दर वेळी डोळे मिटत होता.

"म्हणजे इतकी वर्षं मी..." त्याने थोरले टेबलावर ठेवले.

"इतकी वर्षं मोठ्या भोकाने तुला सांभाळून घेतलं," मावशी म्हणाल्या. "ताईच्या मनगटाला थोरलं झेपत नाही हे तिला दिसलं. तुझ्या मनाला झेपत नाही हे तुला दिसलं नव्हतं. कॅलिबर हातात काय शोभतं ते बघून घेत नाहीत रे. कशाने डोळे उघडे राहतात ते बघून घेतात."

इतका वेळ गंभीर असलेली ताई हसू दाबायला गेली आणि खोकली. छोट्या कान लाल करून उभा होता. मग तो आला आणि त्याने मला उचलून तिच्या हातात दिले.

"शिकव," तो म्हणाला.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी गं बाई. आता बस झालं."

त्या दिवसापासून ताई पुन्हा त्याच्या खांद्यामागे उभी राहू लागली. ओढू नकोस, दाबत राहा. सुरुवातीला माझ्या एवढ्याशा धक्क्यालाही तो दचकायचा, हळूहळू थांबला. 'ताईसाठी' हे शब्द शेडमधून नाहीसे झाले. करंगळीसाठी त्याने मुठीला खाली एक छोटा तुकडाही जोडला, आणि तो ताईलाच विचारून.

स्पर्धेत शेवटचा बार छोट्याचा होता. त्याने डोळे उघडे ठेवले, मी शपथेवर सांगतो. कागद आणला तेव्हा माझे भोक मधल्या दहाच्या वर्तुळाच्या अगदी कडेला होते, पण रेघेच्या बाहेर. मावशींनी भिंग लावून पाहिले आणि मान हलवली. नऊ गुण. थोरले घेतलेली पोस्टमनची जोडी एका गुणाने जिंकली.

"थोरलं असतं तर रेघ शिवली असती," छोट्या हळूच म्हणाला.

"थोरलं असतं तर तू गोळी बांधाला मारली असतीस," ताई म्हणाली, आणि दोघे एवढे हसले की पोस्टमनला वाटले आपल्यालाच हसतात.

नंतर त्यांनी मला साफ केले. आधी काडतुसे नाहीत याची दोघांनी दोनदा खात्री केली, ती करायचीच असते. मग सळईला चिंधी लावून ताईने नळी पुसली आणि सुटी केलेली नळी छोट्याने दिव्यासमोर धरली. तो बराच वेळ आरपार पाहत होता.

"केवढंसं भोक आहे गं."

"पुरतं आपल्याला," ताई म्हणाली. "पुढच्या वर्षीचं नाव घालून टाक."

मित्रांनो, जाता जाता दोन गोष्टी मागतो. माझ्यासारखे काही कुठे पडलेले दिसले, तर खेळातले असो वा नसो, हात लावू नका, लगेच मोठ्या माणसाला बोलवा. माझी जागा कुलपातच आहे, आणि तिथे मी सुखी आहे. दुसरी गोष्ट, तुमच्याही घरात एखादी लहानशी वस्तू असेल, जिच्यावर तुम्ही शिकलात आणि मग 'आता आम्ही मोठे झालो' म्हणून जिला मागे ढकललेत. तिला अधूनमधून पुसत जा, तेलाचा एक थेंब देत जा. आणि कधी कुणाच्या सोबतीसाठी ती पुन्हा बाहेर काढावी लागली, तर 'तुझ्यासाठी' असे म्हणू नका. नुसते 'चल' म्हणा.