चिठ्ठ्यांआधी नियम

आमच्या सोसायटीत तत्त्वज्ञान या विषयाला फारसा मान नव्हता. अंजनी गायकवाड उल्हासनगरच्या एका कॉलेजात तो शिकवते हे कळल्यावर आमचे सेक्रेटरी राजेंद्र तावडे यांनी तिला सहानुभूतीने विचारलं होतं, "मुलं येतात का गं वर्गात?"

"पावसाळ्यात येतात, काका. आमच्या वर्गाचं छत गळत नाही."

मग बिल्डिंग पाडायची वेळ आली. अंबरनाथ पूर्वेची आमची तीन मजली इमारत. राहणारे बहुतेक ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तिच्या जागी सात मजली उभी राहणार होती. तळाला फक्त पार्किंग, आणि कोणाला कुठला मजला ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. लिफ्ट येणार होती. पण आमच्याकडे शुक्रवारी वीज जाते. इतर वारीही जाते, शुक्रवारी सांगून जाते एवढंच. प्रश्न होता तो लिफ्टसाठी जनरेटर घ्यायचा का, आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा हा.

अंजनीला लहानपणी पोलिओ झाला होता. ती कुबडी घेऊन चालते आणि जन्मापासून तळमजल्यावर राहिलेली. लिफ्ट बंद पडली की ती वर असेल तर वरच राहणार, खाली असेल तर खालीच.

रविवारी सभा भरली, पार्किंगच्या पत्र्याखाली. तावड्यांनी कार्यक्रम जाहीर केला : आधी चिठ्ठ्या, मग समोसे, मग नियम. "ज्याचा मजला वर, त्याने जनरेटरचे पैसे भरावे. साधा न्याय आहे."

अंजनी उठली. "काका, उलटं करू या. आधी नियम, मग चिठ्ठ्या."

"आणि समोसे?" मागून कोणीतरी काळजीने विचारलं.

"अगं, पण कोण कुठे राहणार हे माहीत नसताना नियम करायचा?" तावडे म्हणाले. "अंधारात?"

"वीज गेल्यावरचाच तर नियम करतोय आपण. मजला कळला ना काका, की प्रत्येक जण आपापल्या मजल्याचा वकील होतो. कळायच्या आधी निदान अर्धा तास तरी तो माणूस असतो."

तावड्यांनी चष्मा पुसला. फॅक्टरीत त्यांनी युनियनचे भलेभले पुढारी गोड बोलून गप्प केले होते. "असं करू. अंजनी, तुला पहिला मजला असाच देऊन टाकू. चिठ्ठीत पडूच नकोस. मग जनरेटरचा विषयच संपला. काय मंडळी?"

टाळ्या कडाडल्या. जनरेटर वाचवून दयाळू होता येतं हे आमच्यापैकी अनेकांना तेव्हाच कळलं.

अंजनीने कुबडीची मूठ घट्ट धरली, सोडली, पुन्हा धरली. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी तिचा जन्माचा प्रश्न सुटत होता. मी शेजारीच होतो. हळूच म्हणालो, "घे की गं."

"आणि सातवा राजाबाईंना आला तर?" ती म्हणाली, पण मला नाही, सगळ्यांना.

राजाबाई पुढेच बसल्या होत्या. वय झालेलं, बायपास झालेली. "माझं नको बघू, बाय," त्या म्हणाल्या. "मी एकदाच खाली येईन. चौघं आणतील."

कोणी हसलं नाही. हळूहळू सगळ्यांच्या माना वर गेल्या आणि पत्र्याच्या पलीकडे प्रत्येकाने मनातल्या मनात सात मजले मोजले. कोणाला खांद्यावरचा गॅस सिलिंडर दिसला, कोणाला दिवस गेलेली सून, तावड्यांना बहुधा स्वतःचे गुडघे.

"मला पहिला मजला नको," अंजनी म्हणाली. "नियम हवाय. माझी चिठ्ठी टाका."

जनरेटर घ्यायचा, लिफ्टला जोडायचा, खर्च सगळ्यांनी सारखा द्यायचा. हात वर झाले. तावड्यांचाही झाला.

चिठ्ठ्या किर्ती तावडे यांच्या बिनशिट्टीच्या कुकरमधून निघाल्या. अंजनीला सातवा आला, तावड्यांना पहिला.

"एक तांत्रिक मुद्दा आहे," तावडे ताबडतोब उठले. "पहिल्या मजल्याला लिफ्ट लागते कशाला? मघाच्या ठरावाचा फेरविचार..."

"अहो," किर्तीवहिनी कुकरचं झाकण लावत म्हणाल्या, "मघाशी वर गेला तो हात कोणाचा होता?"

"तेव्हा मला मजला माहीत नव्हता!"

"म्हणूनच तो हात खरा होता, काका," अंजनी म्हणाली.

एवढ्या टाळ्या मी आमच्या सोसायटीत रंगकाम मंजूर झालं तेव्हाही ऐकल्या नव्हत्या. तावडे बसले. त्यांना समोसाही गार मिळाला.

बिल्डरने दीड वर्ष सांगितलं होतं, म्हणून आम्ही तीन वर्षांनी राहायला आलो. पहिल्याच शुक्रवारी सकाळी अंजनी लिफ्टमध्ये होती, मी होतो, आणि गच्चीवर वाळवायला किर्तीवहिनींनी दिलेले पापड घेऊन तावडे होते. चौथ्याजवळ वीज गेली. काळोख. मग खाली कुठेतरी जनरेटर खाकरला, दिवा लागला आणि लिफ्ट वर निघाली.

"चांगला आहे," तावडे पापडांना म्हणाले.

सातव्याला दार उघडलं. अंजनीने आम्हाला घरात नेलं आणि गॅलरीचं दार सताड उघडलं. जुन्या घरी तिच्या खिडकीतून स्कूटरची चाकं आणि लोकांच्या चपला दिसायच्या. आता समोर अख्खा मलंगगड उभा होता.

"रोज दिसतो का गं असा?" तावड्यांनी विचारलं.

"रोज," ती म्हणाली. "शुक्रवारीसुद्धा."