पहिल्या बर्फाचा वाडगा

या, थोडं जवळ सरका, पाय पांघरुणात घ्या. एका बहिणीची गोष्ट सांगतो, हट्टी बहिणीची.

मावलुदानं अंगणातला ताजा बर्फ वाडग्यात दाबून भरला, वर फडकं बांधलं आणि गुडघाभर बर्फ तुडवत ती समोरच्या फाटकाकडे निघाली.

"आई, मामा वाडग्याला शिवणारसुद्धा नाही," छपरावरचा बर्फ फावड्यानं ढकलत नोझिम वरून म्हणाला.

"मग मी तिथंच बसेन. तू छप्पर मोकळं कर. नवरदेव झालास म्हणून ते तुझ्यासाठी थांबायचं नाही."

रात्रभराच्या बर्फानं खिंड बंद झाली होती, वीजही गेली होती. एरवी डोळा उघडला की कामं मावलुदाच्या उरावर बसत. आज गिरणी नाही, बाजार नाही, कुणाचा फोन नाही. देवानंच सगळ्यांच्या हातातली कामं काढून घेतली होती, आणि तिनं मनोमन त्याचे आभार मानले. आज रजबअली, तिचा थोरला भाऊ, ज्याला ती अका म्हणे, घरी सापडणार होता. कामाचं निमित्त सांगून उठायला त्याला जागाच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं फाटलं होतं. आता नोझिमचं लग्न आलं, आणि मामानं नवरदेवाच्या कमरेला शेला बांधल्याशिवाय त्यांच्याकडे वरात दाराबाहेर पडत नाही.

पहिल्या बर्फाच्या दिवशी झाकलेला बर्फ दुसऱ्याच्या हाती द्यायचा, अशी तिथली रीत. ज्यानं हातात घेतला, त्यानं देणाऱ्याला घरी जेवू घालायचं. वाडगा घेऊन आलेल्याला त्या दिवशी दारातून परत लावत नाहीत. पण कुणी वाडग्याला हातच लावला नाही आणि बर्फ वितळला, तर खेळ मोडला.

"या वन्सं," गुलअंदामनं दार उघडलं. तिच्या आवाजात आनंद होता, पण नजर नवऱ्याकडे होती.

निखाऱ्यांच्या खड्ड्यावर बुटकं मेज, त्यावर मोठी रजई, आणि रजईत पाय घालून रजबअली बसला होता. मावलुदानं वाडगा त्याच्यासमोर ठेवला आणि पलीकडच्या बाजूनं आपलेही पाय आत घातले.

"काय आहे फडक्याखाली?"

"उघडून बघा की, अका."

"मी काय काल जन्मलो?"

त्यानं हात काखेत घातले. गुलअंदामनं चहा ओतला.

"घरी काम नाही वाटतं?" चहा निम्मा झाल्यावर त्यानं विचारलं.

"आज कुणाला आहे? तुम्हाला आहे?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. रजईखाली तिच्या पायाला त्याचा पाय लागला. त्यानं झटक्यात मागे घेतला. थोड्या वेळानं पुन्हा लागला. या वेळी तिथंच राहिला.

फडकं मध्ये खचलं, मग भिजलं. दुसरी किटली संपली. मावलुदा वाडग्याकडे बघत बसली होती, दुधावर लक्ष ठेवावं तशी.

"वितळला," रजबअली म्हणाला. "मोडला खेळ."

"मोडला," ती म्हणाली, आणि बसून राहिली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग वाडगा ओढला, फडकं सोडलं आणि पाणी पिऊ लागला.

"अहो, काडी आहे त्यात गवताची," गुलअंदाम म्हणाली.

"असू दे. तिच्याच अंगणातली आहे."

त्यानं तळ दिसेपर्यंत पाणी संपवलं. मावलुदानं रजईची कड मुठीत धरली होती.

"रिकामं भांडं कसं पाठवायचं? जर्दाळू घालते," म्हणत गुलअंदाम उठू लागली.

"तू बस. मी घालतो."

तो बाहेर गेला. परतला तेव्हा वाडग्यावर फडकं नीट बांधलेलं होतं. थोरल्यानं दिलेलं घ्यावं तसा मावलुदानं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि तशीच थांबली. कपाळ गार पडलं होतं. आत जर्दाळू नव्हते.

रजबअली आपल्या जागी बसून चहा फुंकत होता.

"शुक्रवारी येऊ आम्ही," तो म्हणाला. "पुलावातलं गाजर बारीक चीर. मागे जाडं चिरलं होतंस."

बाबांनो, थंडीच्या पहिल्या दिवशी तुम्ही देवाचं नाव घ्याल, तेव्हा मावलुदाचीही आठवण काढा. बर्फ वितळला होता, तरी ती उठली नव्हती.