एक नंबर मोठी

मी एक जुनी गिटार आहे आणि मला स्वस्थ राहता येत नाही.

मित्रांनो, हा माझा स्वभाव नव्हे, ही माझी बांधणी आहे. सहा तारा माझी मान सतत पोटाकडे ओढत असतात आणि मान हट्टाने ताठ उभी राहते. ही रस्सीखेच थांबली की मी मुकी होते. चालू राहिली की मला चैन पडत नाही. त्यामुळे माझी गोष्ट सलग येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. शिवाय मी वाद्यांच्या दुकानात भिंतीला टांगलेली आहे आणि येणारा-जाणारा

टंग्!

बघितलंत? एक गृहस्थ माउथ ऑर्गनची चौकशी करायला आले होते. जाता जाता माझी तार छेडून गेले. न बोलता कोणी आपला गालगुच्चा घेऊन निघून जावं, तसं वाटतं.

कुठे होते मी? जन्म.

पत्र्याच्या छपराखालच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पातळ फळ्या वाफेवर नरम केल्या, साच्यात वाकवल्या, सरस लावून आवळून ठेवल्या. तिथे एक बाई तोंडाला फडकं बांधून दिवसभर गिटारींची पोटं घासायची. घासून झालं की प्रत्येकीवर टिचकी मारायची. माझ्यावर मारली आणि शेजारणीला म्हणाली, "ऐक गं, ही ढब्बी काय बोलते!"

ढब्बी खरीच. आमच्यात लहान-मोठी मापं असतात आणि मी सगळ्यांत मोठ्या मापाची. रुंद पोट, लांब मान, आवाज घुमणारा. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे. पण पुढचं सगळं त्या मापापायीच झालं.

पहिला मालक माझ्याच मापाचा होता. खुर्चीत बसला की गुडघे टेबलाच्या वर यायचे, इतका उंच. एका हॉटेलात लोक जेवत असताना तो कोपऱ्यात बसून वाजवायचा. कधीकधी लोक घास हातात धरून थांबायचे. याहून मोठं कौतुक कोणतं? मग त्याला दुसरी नोकरी लागली, आणि मी कपाटामागे गेले. पाहुण्यांना "हल्ली वेळच मिळत नाही हो" असं सांगताना माझ्याकडे बोट दाखवायचं, एवढंच काम उरलं. पुढे घर बदललं. नव्या घरात कपाटामागे जागा नव्हती.

अशी मी या दुकानात आले. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला विचारा. लोक मला उतरवत, पाठीमागून बघत, वास घेत (का, कोण जाणे), आणि परत टांगत. खुंटीवरून हातात, हातातून खुंटीवर. प्रत्येक वेळी वाटायचं, आता निघाले. प्रत्येक वेळी नाही. शेवटी माझी एकच इच्छा उरली होती. कोणीही न्यावं. कोणीही.

आणि मग ते आले.

बूटवाले आणि त्यांची मुलगी. बूटवाले म्हणजे पलीकडच्या रस्त्यावर ज्यांचं चपलाबुटांचं दुकान आहे ते. मुलगी दहा-अकरा वर्षांची, शिडशिडीत. सोबत मुलीची आत्या होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, असं तिच्याच बोलण्यावरून कळलं.

"मी म्हटलं, बघावं तरी, या खेपेला काय घेताय," आत्या म्हणाली. "स्केट्स झाले. पोहण्याचा चष्मा झाला. रंगांची पेटी झाली. ती कराटेची पांढरी विजार तर मी फरशी पुसायला नेली. काय गं सुरुवातबाई?"

मुलीने मान खाली घातली. सुरुवातबाई हे तिचं घरातलं नाव होतं. ती हौसेने सगळं सुरू करायची आणि सोडून द्यायची, म्हणून आत्यानेच ठेवलेलं.

"या वेळी नाही सोडणार," ती म्हणाली.

"आणि सोडलंस तर?"

"तर परत काहीच मागणार नाही. कधीच."

"ऐकलंस ना दादा? तू साक्षीदार."

बूटवाल्यांना या भानगडीत पडायचं नव्हतं. ते भिंतीकडे बघत होते. मित्रांनो, खालच्या रांगेत एक लहान गिटार होती. रंग उडालेली, आवाजाने किरकिरी. मुलगी तिच्याकडे बघत होती.

दुकानदार म्हणाला, "हिच्या अंगाला तीच बसेल. काढू का?"

"छे हो," बूटवाले म्हणाले. "वाढतं वय आहे. आज ही घ्यायची आणि दोन वर्षांनी पुन्हा तुमच्या दारात यायचं? आमच्या धंद्याचा नियम आहे, पोराला एक नंबर मोठा द्यावा. पाय वाढतो, बूट वाढत नाही. ती वरची दाखवा. ती मोठी."

मोठी! मी!

दुकानदाराने मला उतरवलं, तारांच्या खुंट्या पिळल्या आणि वाजवलं. त्याचा हात असा आहे की त्याने दाराची कडी वाजवली असती तरी सुरात वाजली असती. मीही जीव ओतून घुमले. काचेच्या कपाटातल्या बासऱ्यासुद्धा थरथरल्या. आत्यासुद्धा गप्प झाली. बूटवाल्यांनी मुलीकडे बघितलं. मुलीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत मी मावत नव्हते.

तिच्या मांडीवर मला कोणी ठेवलंच नाही. एकदाही नाही. सगळ्यांनी ऐकलं, कोणी बसवून बघितलं नाही. दिवसभर लोकांच्या पायात बूट चढवून "चालून बघा" म्हणणारा माणूस, पण त्यालाही ते सुचलं नाही. गिटार काय पायात घालायची असते?

मी निघाले!

तिचा सराव चाले बुटांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. छतापर्यंत खोकी, नव्या चामड्याचा आणि रबराचा वास, एक स्टूल. ती मोबाइल खोक्यांना टेकवून ठेवायची आणि त्यात बघून शिकायची.

पहिल्याच दिवशी मला कळलं.

तिचा उजवा हात माझ्या पोटावरून पलीकडे जाईचना. तो जावा म्हणून ती खांदा कानापर्यंत उचलायची. हात पलीकडे गेला की तारा दिसायच्या नाहीत, म्हणून मला ताटासारखी आडवी करायची. आडवी केली की डावा हात मानेच्या टोकाला पोचायचा नाही. एक कॉर्ड होती, तिच्यात बोटं तीन दिशांना पसरावी लागतात. दोन पोचायची, तिसरं हवेत. टंग, टंग, खर्र.

"मोठी वाटते का गं?" बूटवाल्यांनी एकदा विचारलं.

"थोडीशी."

त्यांनी लगेच उपाय केला. मोठ्या बुटात पुढे कापूस भरतात ना, तसा. स्टुलावर उशी ठेवली. पायाखाली बुटांचं खोकं. पट्टा आखडला. मग आणखी एक उशी. ती पोरगी एवढ्या उंचावर जाऊन बसली की पंखा लावायची भीती. माझं पोट तिथल्या तिथेच.

पण ती उठली नाही. रोज यायची. टंग, टंग, खर्र. आत्या कधी डोकावली की मोठ्याने वाजवायची, जी एकच सोपी कॉर्ड येत होती ती, पुन्हा पुन्हा. आत्या गेली की मनगट चोळायची. आणि एकदा ती माझ्या पोटावर कपाळ टेकून बसली. तारांना तिचा श्वास लागत होता. ती अगदी हळू म्हणाली, "मलाच येत नाही. मलाच काही येत नाही."

मित्रांनो, मला त्या क्षणी ओरडायचं होतं. अगं, तू नाहीस, मी! पण आम्हाला कोणी वाजवल्याशिवाय बोलता येत नाही. आणि खरं सांगायचं तर बोलता आलं असतं, तरी बोलले असते का? बोलले की परत खुंटी. मला काही सुचेना. माझ्या तारा त्या दिवसांत फार उतरायच्या. ती सूर लावायची, मी उतरायचे. ती लावायची, मी

टंग्! टंग्! टंग्!

माफ करा. शाळेचा घोळका आला होता. गेला.

तर तो दिवस. रविवार, दुपार, पुढे दुकानात गर्दी. मधला पडदा अर्धा सरकलेला होता, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. एक जाडजूड गृहस्थ काळे बूट घालून बघत होते. बूटवाले त्यांच्या पायांशी बुटक्या स्टुलावर.

"कसा वाटतो?"

"मस्त, मस्त. बसतोय."

"जरा चालून दाखवा."

"बसतोय म्हटलं ना!"

"दोन पावलं, साहेब."

गृहस्थ चालले. बूटवाले बुटाकडे बघत नव्हते, त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "काढा," ते म्हणाले. "आत बोटं मुडपून चालताय तुम्ही. लाजताय कशाला? पाय मोठा असणं काय गुन्हा आहे? थांबा, दहा नंबर आणतो."

दहा नंबरचं खोकं मागच्या खोलीत, माझ्या डोक्यावरच्या फळीवर होतं. ते आत आले, खोकं काढलं, वळले. मुलगी खांदा कानाशी लावून वाजवत होती.

"कसं चाललंय?" त्यांनी सहज विचारलं.

"मस्त, मस्त," ती म्हणाली.

बूटवाले थांबले. खोकं हातात तसंच. त्यांनी तिच्या बोटांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या तोंडाकडे बघितलं.

"जरा वाजवून दाखव."

"अजून नीट येत नाही, बाबा."

"येऊ दे नाही तर नको. दाखव."

टंग, टंग, खर्र. खांदा वर. ओठ दाबलेले. पुन्हा. खर्र.

बाहेरून आवाज आला, "अहो, दहा नंबर आणताय की शिवताय?"

"आलो, आलो!" ते म्हणाले, पण हलले नाहीत. मग खाली बसले, तिच्या पायांशी, गिऱ्हाइकाच्या पायांशी बसतात तसे. पायाखालचं खोकं काढलं. एक उशी काढली. दुसरी काढली. तिचा खांदा हलकेच दाबून जागेवर आणला. खांदा जागेवर आला आणि तिचा हात माझ्या पोटावरून घसरून पडला.

"दुखतंय?"

"नाही."

"किती दिवस दुखतंय?"

तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या लाकडावर पडलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं या दुकानात उभे होतो.

"वाजली नाही का?" दुकानदाराने विचारलं.

"वाजते झकास. बसत नाही. माप माझं चुकलं. ती खालची लहान आहे ना अजून? ती द्या, ही ठेवून घ्या."

"नको!" मुलीने मला दोन्ही हातांनी कवटाळलं. "मला हीच हवी. येईल मला. बाबा, मी रोज करते ना? येईल!"

"अगं, पण..."

"आत्या म्हणेल, हेही सोडलं."

मित्रांनो, इतकं घट्ट मला कोणी कधी धरलं नव्हतं. त्या उंच माणसानेही नाही. तिचं हृदय माझ्या पाठीवर धडधडत होतं आणि माझं आख्खं पोट त्याला साथ देत होतं. मला वाटत होतं, धर, सोडू नकोस. आणि त्याच वेळी वाटत होतं, सोड गं बाई, सोड.

बूटवाले गुडघ्यावर बसले, थेट दुकानाच्या फरशीवर. "हे बघ. इतकी वर्षं बूट विकतोय. जे पोर म्हणतं ना, हा बूट मोठा होतोय, बदलून द्या, त्याला चालायचा कंटाळा नसतो. त्याला पळायचं असतं. कंटाळलेलं पोर बूट बदलून मागत नाही. फेकून देतं. तू फेकलीस का?"

"नाही."

"मग आत्याला मी बघतो. तिच्या पायाला आजपर्यंत एक चप्पल धड बसलेली नाही, तिने बोलूच नये."

मुलगी रडता रडता फसकन हसली. आणि तिचे हात सैल झाले.

लहान गिटार तिच्या मांडीवर गेली. उजवा हात सहज खाली आला. खांदा खांद्याच्या जागी राहिला. डाव्या हाताची बोटं तीन दिशांना पसरली. टंग, टंग, खर्र. तिने बोट थोडं सरकवलं. टंग, टंग, टंग.

किरकिरा आवाज हो! डब्यात खडे हलवल्यासारखा. पण तिने वर बघितलंच नाही. पुन्हा वाजवलं, पुन्हा. दुकानदार जेवायला जायचा होता, किल्ल्या वाजवत उभा राहिला. बूटवाल्यांनी त्याला हातानेच गप्प केलं. ते मला धरून उभे होते आणि त्यांचं माझ्याकडे जरासुद्धा लक्ष नव्हतं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? फार वाईट वाटलं. ती नाचत बाहेर पडली, आणि दारातून वळून बघेल म्हणून मी वाट बघत राहिले. ती वळली नाही. तिला घरी जाऊन वाजवायचं होतं.

तर मित्रांनो, मी अशी पुन्हा भिंतीवर. तुमच्यातलं कोणी ना कोणी एक दिवस पहिली गिटार घ्यायला येईल. तेव्हा दुकानदाराच्या हातात कोण गोड वाजतं, ते ऐकून भुलू नका. आम्हाला खाली उतरवा, मांडीवर घ्या, स्वतःच्या कच्च्या बोटांनी वाजवा. लोक हसतील, हसू द्या. आणि दुखलं तर तिथल्या तिथे सांगा. माझ्यासाठी गोड बोलू नका, माझी भीड धरू नका. मी जुनी आहे, मोठी आहे, घुमते. पण जमत नसेन, तर बेलाशक परत टांगा. मला त्रास होईल. मी तारा उतरवून बसेन. तुम्ही मात्र जिच्याशी जमेल ती घेऊन घरी जा आणि तिला कपाटामागे ठेवू नका.

आणि जाता जाता मला नुसतं छेडून जाऊ नका. घ्यायचं नसलं तरी चालेल, पण एकदा खाली उतरवून नीट मांडीवर घ्या. कोण जाणे, तुम्ही उंच असाल.