छताखालची पांढरी डबी

दुपारी शाळा सुटली की वायरमनची लेक वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसे. घरी एकच खोली, त्यात आईचं शिलाईयंत्र दिवसभर धडधडे. वाचनालयाच्या आत अठराच्या खालच्यांना बसायची मुभा नव्हती. म्हणून पायरी हीच तिची खोली, वर पुढे आलेलं छत हेच तिचं छप्पर. मैत्रिणीबरोबर ती तिथे गणितं सोडवी; मधूनच दोघी खिदळत.

महिन्याभरापासून मात्र ती अर्ध्या तासात घरी परतू लागली.

"कानात सुई घातल्यासारखं होतं, बाबा. डोकं ठणकतं."

वायरमन बाबा हसले. "मग आम्ही कसे गं तिथं तासभर उभे राहतो? अभ्यास नको झाला की कानसुद्धा दुखतात!"

आईनेही री ओढली. "परीक्षा जवळ आली ना, आता हिचं एकेक दुखणं वर येणार."

एके दिवशी मैत्रीण म्हणाली, "आवाज वरून येतोय बघ."

लेकीने मान वर केली. छताखाली पांढरी डबी होती. तिच्या वायरीला काळी टेप गुंडाळलेली, आणि टेपचं टोक घडी घालून मोकळं ठेवलेलं. पुढच्या कारागिराला नखांनी उकरत बसावं लागू नये म्हणून. अशी घडी घालणारा माणूस तिला एकच ठाऊक होता. त्यानेच तर तिला ती शिकवली होती.

"बाबा, ती घडी तुमची आहे."

चहाचा कप बाबांच्या ओठाशीच थांबला. "वाचनालयाचे सेक्रेटरी म्हणाले, बारीक आवाज काढून टवाळ पोरांना उठवायचं यंत्र आहे, मोठ्यांना तो ऐकूच येत नाही... मला वाटलं, तू थोडीच टवाळ आहेस? तुला कशाला त्रास होईल?"

"आणि मी सांगितलं तेव्हा?"

बाबांनी कप खाली ठेवला. टवाळ कोण, गुणी कोण, हे आवाजाला कुठून कळणार? त्याला वय तेवढं कळतं. मनाच्या तळाशी बाबांनाही हे उमगलं होतं; पण आपल्या हातून चुकलं म्हणण्यापेक्षा लेक खोटं बोलते म्हणणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी पायऱ्यांवर शिडी लागली. सेक्रेटरी धावत आले. "अहो, कमिटीचा ठराव आहे तो!"

"ठराव करताना पोरांना विचारलंत? मीही नाही विचारलं."

बाबांनी टेपचं टोक ओढलं. घडी अलगद सुटली, वायर निखळली. त्यांच्या कानांना काहीच फरक कळेना. त्यांनी खाली, पायरीवर मैत्रिणीशेजारी बसलेल्या लेकीकडे पाहिलं.

"थांबला का गं?"

महिनाभर जिचा शब्द खोटा धरला, तिच्याच शब्दावर आता सारं होतं.

लेकीने वही उघडली. "थांबला," ती म्हणाली. मैत्रिणीला.